हसवणाऱ्या गाण्याचंही पान मांडा

मे १९७४ मध्ये लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सने ‘किमोनो माय हाउस’ नावाचा अल्बम बाजारात आणला. मुखपृष्ठावर ना बँडचं नाव होतं, ना अल्बमचं. होत्या फक्त किमोनो घातलेल्या दोन जपानी स्त्रिया. लंडनला आलेल्या एका जपानी नाटकमंडळीतल्या या नटी. चेहऱ्यावरचा रंग फिसकटलेला, केस विस्कटलेले आणि नजरेत उघड खट्याळपणा. आत दहा गाणी, सगळी मिळून जेमतेम छत्तीस मिनिटांची. एकात शेक्सपियरचा रोमिओ स्वर्गातून तक्रार करतो, एकात लहानग्या आइनस्टाइनचे घरचे लोक त्याच्याभोवती कुंपण घालतात, एकात एक प्रेमिक विषुववृत्तावर उभा राहून वाट बघतो. बँडचं नाव स्पार्क्स. ब्रिटनमध्ये हा अल्बम चौथ्या क्रमांकापर्यंत चढला. अमेरिकेत, म्हणजे ज्यांनी तो लिहिला त्यांच्या स्वतःच्या देशात, पहिल्या शंभरातसुद्धा आला नाही. १०१वर थांबला.

या अल्बमवर लिहिताना मला एका जुन्या अन्यायाबद्दल बोलायचं आहे. गाणं ऐकून हसू आलं की ते दुय्यम, आणि डोळे मिटून मान डोलवावीशी वाटली की ते थोर, अशी वर्गवारी आपण फार सहज करून टाकतो. समीक्षक करतात, पुरस्कार देणारे करतात, शंभर सर्वोत्तम अल्बमांच्या याद्या करणारे करतात आणि आपणही मित्रांशी बोलताना करतो. ही वर्गवारी चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. तिच्यामुळे चांगल्या कलावंतांची उमेदीची वर्षं वाया जातात, आणि ऐकणाऱ्यांना फार चांगलं संगीत फार उशिरा भेटतं.

स्पार्क्स म्हणजे मुळात दोन भाऊ. थोरला रॉन माएल गाणी लिहितो आणि कीबोर्ड वाजवतो, धाकटा रसेल गातो. दोघे लॉस एंजलिसचे, दोघे यूसीएलए विद्यापीठात शिकलेले, सिनेमाचे वेडे. पहिला अल्बम १९७१ मध्ये हाफनेल्सन या नावाने आला, अमेरिकन संगीतकार टॉड रुंडग्रेनने त्याची निर्मिती केली होती. तो खपला नाही. मग कंपनीच्या मालकाने मार्क्स ब्रदर्स या विनोदवीरांच्या नावाशी यमक जुळवत ‘स्पार्क्स ब्रदर्स’ असं नाव सुचवलं. त्यातलं ‘ब्रदर्स’ भावांनी गाळलं. दुसराही अल्बम पडला. तेव्हा १९७३ मध्ये दोघांनी सामान बांधलं आणि लंडन गाठलं. तिथे नवे साथीदार मिळाले: गिटारवर एड्रियन फिशर, बेसवर मार्टिन गॉर्डन, ड्रम्सवर डिंकी डायमंड. निर्माता म्हणून मफ विनवुड आला. ब्रिटनमधला तो हिवाळा वाईट होता. कोळसा वाचवण्यासाठी जानेवारी ते मार्च १९७४ या काळात उद्योगधंद्यांना आठवड्याचे तीनच दिवस वीज वापरायची परवानगी होती. त्या अंधारलेल्या महिन्यांत हा अल्बम आकाराला येत होता.

वसंतात बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात हे भाऊ दिसले आणि दुसऱ्या दिवशी शाळाशाळांतून त्यांचीच चर्चा झाली असं त्या पिढीचे इंग्रज आजही सांगतात. ते दृश्य पाहिलं की कारण कळतं. रसेल कुरळ्या केसांचा, देखणा, अंगात वारं भरल्यासारखा उड्या मारणारा. आणि त्याच्या बाजूला रॉन: चापून बसवलेले केस, शर्ट-टाय, नाकाखाली चॅप्लिनछाप मिशीचा चौकोन. हा माणूस हलत नाही, हसत नाही. बोटं पट्ट्यांवर चालू आहेत आणि नजर सरळ कॅमेऱ्यात रोखलेली. मधेच डोळे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकतात, बस्स. एवढ्या तुटपुंज्या अभिनयाने त्याने सगळा पडदा व्यापला. ज्या काळात चमचम कपडे आणि उंच टाचांचे बूट घालून प्रत्येक बँड जास्तीत जास्त भडक दिसायची धडपड करत होता, त्या काळात बँकेतल्या कारकुनासारखा दिसणारा हा वादक सगळ्यांत विक्षिप्त ठरला. रंगभूमीची जाण असल्याशिवाय हे सुचत नाही.

आता ते गाणं. ‘धिस टाउन एन्ट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस’ हे काउबॉयपटांतलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य. या गावात आपण दोघं मावणार नाही, एकाला जावं लागेल, असं सांगून बंदुका बाहेर काढायच्या. रॉनने ते उचललं आणि एका बुजऱ्या तरुणाच्या डोक्यात नेऊन ठेवलं. हा तरुण मुलीला भेटायला निघालाय, एवढीच गोष्ट आहे. पण प्रत्येक कडव्यात एक साधी जागा येते, मग छाती धडधडते, आणि त्या धडधडीतून भलतंच काहीतरी उसळून वर येतं. प्राणिसंग्रहालयात तिच्यासोबत फिरताना गेंडे आणि हत्ती चौखूर उधळतात. विमानात हवाईसुंदरी जवळ आली की भीती दाखवायची नाही असं तो स्वतःला बजावतो, आणि पुढच्याच क्षणी ते विमान बॉम्बफेकी होऊन हिरोशिमाच्या दिशेने चाललेलं असतं. कॅफेत वीस नरभक्षक त्याला धरतात, कारण त्यांनाही प्रथिनं हवीच असतात. तिच्यासाठी अंघोळ करून स्वच्छ व्हायचं, तर शॉवरचं पाणी परक्या गावातला पाऊस होतं आणि गोळ्या सुटू लागतात. शेवटी जनगणनेचे आकडे येतात: गावात मुली वाढणार आहेत, तरी सगळ्यांना पुरणार नाहीत.

हे सगळं तीन मिनिटांत. सुरुवातीला कीबोर्डची एक अस्वस्थ फिरकी हळूहळू मोठी होत जवळ येते. तिच्यावर रसेलचा उंच, चिरका स्वर शब्द इतक्या दाटीने ओततो की श्वास घ्यायला जागा उरत नाही. मग ते काउबॉयचं वाक्य येतं, बंदुकीचा बार उडतो आणि आख्खा बँड अंगावर कोसळतो. नेहमीच्या पॉप गाण्यासारखं सोबत म्हणायचं धृपद इथे जवळपास नाहीच. ते एक वाक्य आणि ‘जाणारा मी नव्हे’ असं ठणकावणारी पुढची ओळ, एवढंच पुन्हा येतं. रॉनने चाल ए या स्वरात बसवली होती आणि भावाच्या गळ्यासाठी ती खाली उतरवायला त्याने साफ नकार दिला. म्हणून रसेलला त्या उंचीवर चढून गावं लागलं. त्या ताणामुळेच गाण्यातल्या पोराची घाबरगुंडी आपल्याला नुसती कळत नाही, ती कानाला जाणवते. आणि हिरोशिमाच्या ओळीशी मी दर वेळी थबकतो. रॉन जन्मला १२ ऑगस्ट १९४५ रोजी, म्हणजे त्या बॉम्बनंतर बरोबर सहा दिवसांनी. प्रेमात पडलेल्या घाबरट मुलाच्या विनोदी गाण्यात तो ढग अचानक दिसतो आणि नाहीसा होतो. त्यावर कुठे भाष्य नाही. त्या पिढीच्या मनात तो कुठल्या कोपऱ्यात, कशाच्या शेजारी राहत असेल, ते मात्र नेमकं कळतं.

हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. पहिल्यावर द रुबेट्स नावाचा बँड होता. रुबेट्सचं गाणं गोड आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण यशाबरोबर स्पार्क्सला जो शिक्का बसला तो पुढे कधी पुरता पुसला गेला नाही. गमतीदार बँड. नावीन्याचा नमुना. मिशीवाला आणि किंचाळणारा. एकदा हा शिक्का बसला की चाली कोण ऐकतो, शब्द कोण वाचतो? रॉक संगीताचं समीक्षालेखन तोवर वयात आलं होतं आणि त्याने आपली एक कसोटी पक्की केली होती. गाणारा स्वतःच्या आयुष्याबद्दल खरं बोलतोय का? लोकगीतं आणि ब्लूज यांच्यापासून हा आग्रह आला, आणि बॉब डिलननंतरच्या पिढीने त्याचा जवळजवळ धर्मच केला. गंमत म्हणजे माएल बंधू ज्या लॉस एंजलिसचे, तेच शहर सत्तरच्या दशकात या कबुलीगायनाचं माहेर होतं. गिटार मांडीवर घेऊन आपला घटस्फोट, आपलं एकटेपण, आपलं व्यसन हळुवार आवाजात सांगायचं. त्यातली कितीतरी गाणी अप्रतिम आहेत. पण त्या गावात एखाद्याने वॉल्ट्झच्या ठेक्यावर ‘मी पुन्हा स्वतःच्याच प्रेमात पडतोय’ असं गायला घेतलं, तर तो थट्टा करतोय म्हणून दरवाजा बंद होणारच. इंग्लंडमध्ये तो उघडला, कारण तिथे म्युझिक हॉलची, मूकनाट्याची, नाताळातल्या पँटोमाइमची परंपरा होती. पात्र होऊन गाणं म्हणजे खोटं बोलणं, असं तिथल्या सामान्य प्रेक्षकाला वाटत नव्हतं.

मराठी माणसालाही तसं वाटायचं कारण नाही. आपण ज्या गाण्याला सर्वांत जास्त मान दिला ते नाट्यसंगीत मुळात पात्राच्या तोंडचं आहे. बालगंधर्व रंगमंचावर स्त्री होऊन गायचे, आणि त्या सोंगातून जे खरं बाहेर आलं त्यावर दोन पिढ्या पोसल्या. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात, १८९९ मध्ये, पाऊणशे वर्षांच्या नवऱ्या मुलाची टिंगल करणारं पद आहे. प्रेक्षक त्यावर खदखदून हसले, आणि त्याच हसण्यातून जरठकुमारी विवाहाचा प्रश्न घराघरात गेला. तो प्रश्न रडक्या भाषणांनी तितक्या दूर गेला नसता असं मला वाटतं. त्याआधी तीन शतकं एकनाथांनी भारुडात विंचू चाववून अध्यात्म सांगितलं होतं. हे सगळं पोटात असलेल्या समाजाने पाश्चात्त्य संगीत ऐकायला बसल्यावर एकदम करारी चेहरा का करावा? मुंबई-पुण्यात रॉक ऐकणाऱ्यांच्या ज्या पिढ्या वाढल्या, मुंबईच्या रंगभवनावरच्या रात्री जागवल्या, १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाला गर्दी केली, त्यांचा देव्हारा पाहा. पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, लेड झेपेलिन, आयर्न मेडन. मोठी माणसं, मोठं काम, माझाही देव्हारा बराचसा तोच. पण दहा-दहा मिनिटांच्या गिटारवादनाला खोली म्हणायचं आणि तीन मिनिटांच्या नेमक्या विनोदाला पोरकटपणा, ही शिस्त आपण कुणाकडून तरी उसनी घेतलीय. ती आपली नव्हे.

अल्बममधलं माझं सर्वांत आवडतं गाणं ‘हिअर इन हेवन’. रोमिओ आणि जूलिएट यांनी बरोबर मरायचं ठरवलं होतं. रोमिओने शब्द पाळला. जूलिएटने ऐन वेळी विचार बदलला असावा. आता तो वर एकटा आहे, भरपूर वेळ आहे, आणि तिथून तो तिच्याशी बोलतो. तू आपला करार मोडलास, म्हणतो. मी काही आता परत येत नाही. आणि मग अशा अर्थाची एक ओळ येते, की तुझी प्रकृती ठणठणीत आहे, ती तुला अजून पुष्कळ वर्षं इकडे येऊ देणार नाही. पहिल्यांदा ऐकताना मी मोठ्याने हसलो होतो. पुढे कधीतरी ते हसू घशात अडकायला लागलं. कुणाची तरी प्रकृती चांगली राहावी ही जगातली सगळ्यांत साधी सदिच्छा, आणि इथे तीच त्या बिचाऱ्याची शिक्षा झाली आहे. मागे राहिलेल्याच्या दुःखाची गाणी ढिगाने आहेत. पुढे निघून गेलेल्याला फसवलं गेल्याची जी चीड असेल, तिचं गाणं मला दुसरं माहीत नाही. सरळ, गंभीर चेहऱ्याने हा विषय मांडायला गेलं असतं तर तो किळसवाणा तरी झाला असता, नाहीतर खोटा. विनोदाने तो सांगण्याजोगा केला. आणि चाल खरोखर भव्य आहे, एखाद्या शोकांतिकेला शोभावी अशी. ती चाल विनोदाची फिरकी घेत नाही. रोमिओ जितक्या गांभीर्याने स्वतःकडे पाहतो तितक्याच गांभीर्याने ती त्याच्या पाठीशी उभी राहते.

इतर गाण्यांतही हीच रीत आहे. ‘थँक गॉड इट्स नॉट ख्रिसमस’मधला नवरा देवाचे आभार मानतो की आज नाताळ नाही, कारण नाताळच्या दिवशी सगळं बंद असतं आणि घरी फक्त बायको असते. संगीत मात्र चर्चमधल्या उत्सवासारखं दणदणीत. ‘अमॅच्युअर अवर’मध्ये वयात येणाऱ्या मुलांच्या पहिल्यावहिल्या धडपडीची तुलना व्हायोलिन शिकण्याशी केली आहे, आणि सुरुवातीलाच कुणी यहुदी मेनुहिनसारखा नामवंत व्हायोलिनवादक होत नाही असा दिलासा दिला आहे. त्या मेनुहिनच्या नावाचं व्हायोलिनशी जुळवलेलं यमक ऐकलं की कुठल्याही कवीला हेवा वाटेल. ‘टॅलेंट इज ॲन ॲसेट’मध्ये आल्बर्टचे घरचे येणाऱ्या-जाणाऱ्याला हाकलतात: तो हुशार आहे, त्याला एकटं राहू द्या, एक दिवस तो जगाचा हिशेब नव्याने मांडेल. मुलाची बुद्धी ही घरची गुंतवणूक समजणारे आईबाप आपल्याकडे दहावीच्या वर्षी प्रत्येक इमारतीत भेटतात. पन्नास वर्षांपूर्वीचं हे गाणं नाशिकच्या किंवा लातूरच्या क्लासबाहेर उभं राहून ऐकलं तरी एक शब्द बदलावा लागणार नाही.

याविरुद्ध जे आक्षेप आहेत ते पोकळ नाहीत. पहिला असा, की हुशारी थंड असते. श्रोत्याला आधार हवा असतो, आणि चतुर गाणं त्याला हाताच्या अंतरावर ठेवतं. स्पार्क्सच्या काही गाण्यांबाबत हे खरं आहे. याच अल्बमवरचं ‘कम्प्लेंट्स’ मला कधी भिडलं नाही. तक्रारखिडकीतल्या माणसाची कल्पना आहे, पण कल्पनेपलीकडे गाणं जात नाही. ‘हास्ता मन्याना मस्य’ भाषा न कळणाऱ्या दोघांच्या प्रेमावर आहे, आणि त्यातला परकेपणाचा विनोद आज शिळा वाटतो. पण यावरून विनोदी गाणी फसतात असं ठरवायचं, तर फसलेल्या कबुलीगीतांचं काय? आत्मदयेने चिंब, सुमार आणि आजन्म गंभीर अशी गाणी हजारो आहेत. त्यांच्यामुळे आपण कबुलीगायनाच्या प्रकारालाच कमी लेखत नाही. मग विनोदालाच ही शिक्षा का? एक वाईट गाणं म्हणजे एक वाईट गाणं. प्रत्येक प्रकाराला त्याच्या उत्तम नमुन्यावरून जोखायचं, हा साधा न्याय आहे.

दुसरा आक्षेप म्हणजे विनोद एकदाच लागतो. हे चुटक्याबद्दल खरं आहे. पण इथे विनोद शब्दांइतकाच चालीत, ठेक्यात आणि रसेलच्या गळ्यात आहे. ‘इक्वेटर’मध्ये तो भाबडा प्रेमिक ठरल्याप्रमाणे विषुववृत्तावर येऊन उभा आहे, ती आलेली नाही, आणलेल्या भेटवस्तू वितळल्या तरी आहेत नाहीतर मेल्या तरी. शेवटी त्याचा आवाज वर वर चढत नुसत्या कुईकुईत विरघळतो. काय होणार ते माहीत असूनही ते पुन्हा ऐकावंसं वाटतं, कारण ते गाणं म्हणून बांधलेलं आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड. ती मिशी चॅप्लिनची म्हटली तरी युरोपात अनेकांना दुसराच माणूस आठवायचा, आणि दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा तीसच वर्षं झाली होती. माएल बंधू स्वतः ज्यू घरातले, हे लक्षात घेतलं तरी कुणी दुखावलं असेल तर ते दुखणं खरं आहे. जपानी स्त्रियांचं मुखपृष्ठही आजच्या नजरेने प्रश्न विचारायला लावतं. माझं उत्तर असं, की हे प्रश्न जरूर विचारावेत. गंभीर कलाकृतीलाच आपण असे प्रश्न विचारतो. त्या मुखपृष्ठावरच्या नटी शोभेच्या बाहुल्या दिसत नाहीत, त्या आपल्या साजशृंगाराची स्वतःच गंमत करताना दिसतात, असं माझं वाचन आहे. कुणाचं वेगळं असू शकेल. ‘अहो, ती नुसती मस्करी होती’ म्हणून विषय झटकून टाकणं मला मान्य नाही. कारण तोच शब्द या अल्बमला हलकं ठरवायलाही वापरला गेला.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा दाखला इथे द्यायलाच हवा. १९७२ च्या डिसेंबरात लंडनच्या मार्की क्लबमध्ये स्पार्क्सचा कार्यक्रम होता तेव्हा आधी वाजवायला क्वीन होते, अजून एकही अल्बम न आलेले. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, जन्माने फारुख बुलसारा, झांझिबारचा पारशी मुलगा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला आणि तिथेच द हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानोवर बसला. १९७५ मध्ये क्वीनने ज्या अल्बमने जग जिंकलं त्याचं नाव, ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’, मार्क्स ब्रदर्सच्या एका सिनेमावरून घेतलेलं. स्पार्क्सच्या नावाचं मूळही तिथलंच. ऑपेरा, म्युझिक हॉल, उंच सुरांची नाट्यमय उधळण, सगळं क्वीनकडेही होतं, आणि त्यांनाही समीक्षकांनी वर्षानुवर्षं सावत्रपणाने वागवलं. फरक इतकाच की क्वीनकडे स्टेडियम भरून टाकणारा जनसागर होता, त्यापुढे समीक्षकांचं काही चाललं नाही. स्पार्क्सकडे तो नव्हता. त्यामुळे त्यांच्या बाबतीत याद्या करणाऱ्यांचा शब्द शेवटचा ठरला.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९७९ मध्ये डिस्को संगीताचा निर्माता ज्योर्ज्यो मोरोडर याच्याबरोबर त्यांनी मुख्यतः यंत्रांवर उभा केलेला नाचगाण्यांचा अल्बम काढला. पुढच्या दशकात जोडीने सिंथेसायझर घेऊन उभे राहणारे किती बँड त्या वाटेने गेले ते मोजावं लागेल. तरी श्रेय फारसं कुणी दिलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला एका जपानी चित्रकथेवरच्या संगीतपटासाठी त्यांनी वर्षानुवर्षं घाम गाळला, टिम बर्टन दिग्दर्शक म्हणून जोडला गेला होता, आणि तो सिनेमा झालाच नाही. २००८ मध्ये लंडनमध्ये त्यांनी तोवरचे एकवीसही अल्बम एकवीस कार्यक्रमांत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवले. एवढं काम ‘गमतीदार बँड’ करत नसतो. खरी दखल आली २०२१ मध्ये, दिग्दर्शक एडगर राइटने त्यांच्यावर माहितीपट केला आणि त्यांनी लिहिलेल्या ‘ॲनेट’ या संगीतपटाने कान महोत्सवाचा पडदा उघडला तेव्हा. ‘ॲनेट’चा दिग्दर्शक लिओस काराक्सला तिथे उत्कृष्ट दिग्दर्शनाचा सन्मान मिळाला, आणि पुढच्या वर्षी माएल बंधूंना संगीतासाठी फ्रान्सचा सेझार हा चित्रपट पुरस्कार. रॉन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडून गेला होता.

सगळ्यांना इतकं आयुष्य आणि इतकी चिकाटी मिळत नाही, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. आज गाणी ऐकवणारी ॲप मनःस्थितीनुसार याद्या करतात: उदास, शांत, प्रेमाची, व्यायामाची, अभ्यासाची. ‘हिअर इन हेवन’ कुठल्या यादीत टाकाल? एकाच वेळी हसवणारं आणि जिव्हारी लागणारं गाणं त्या कप्प्यांतून खाली गळून पडतं. मराठीतही नव्या मुलांनी एखादं तिरकं, नाटकी, शब्दांशी खेळणारं गाणं केलं की ते व्हायरल होतं, लोक चार दिवस एकमेकांना पाठवतात, आणि मग ‘आता काहीतरी सीरियस कर’ असा सल्ला सुरू होतो. तो सल्ला देणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे की त्या मुलाला गप्प करू नका. त्याच्या गाण्याची चाल कशी आहे ते सांगा, यमक कुठे सैल पडलं ते सांगा, पात्र पुरतं उभं राहिलं का ते सांगा. विनोदाची समीक्षा करा, आणि ती कडक करा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत संगीतावर लिहिणाऱ्यांनी, एकांकिका स्पर्धांत संगीताचे गुण देणाऱ्या परीक्षकांनी, शाळा-कॉलेजांत पाश्चात्त्य संगीताची ओळख करून देणाऱ्या शिक्षकांनी एवढं केलं तरी पुष्कळ.

डिसेंबर २०१४ मध्ये, अल्बमला चाळीस वर्षं झाली म्हणून, लंडनच्या बार्बिकन सभागृहात स्पार्क्सने ‘किमोनो माय हाउस’ सबंध सादर केला. सोबत अडतीस वादकांचा वाद्यवृंद होता. ज्या व्यासपीठावर एरवी सिंफनी वाजतात तिथे रसेल, वय सहासष्ट, तीच गाणी गायला. या प्रसंगाबद्दल बोलताना अनेकदा असा सूर लागतो, की बघा, शेवटी या गाण्यांना प्रतिष्ठा मिळाली. मला तो सूर खटकतो. व्हायोलिनं आणि चेलो आले म्हणून रोमिओचं गाणं मोठं झालं नाही. अडतीस वादकांना पुरून उरेल इतकं काम त्या चालींत १९७४ मध्येच भरलेलं होतं, पाच जणांच्या बँडसाठी लिहिताना. ते तेव्हाही ऐकू येत होतं.